जवाचा चिकटपणा

ज्यांच्या घरी तापकरी माणसासाठी किंवा उन्हाळी लागलेल्या मुलासाठी बार्लीचे पाणी उकळले जात असे, त्यांना ते पाणी निवू लागले म्हणजे कसे होई हे वेगळे सांगावयास नको. चुलीवरून उतरताना पातळ दिसणारे ते पाणी तासाभरात पेजेसारखे दाट होई, चमचा बुडवून वर काढला तर एक बारीक तार त्याच्या टोकाला लोंबत राही, आणि फडक्यातून गाळून, लिंबू व खडीसाखर घालून ते आजाऱ्यापुढे आले, म्हणजे त्याच्या जिभेला पहिली जाणीव चवीची न होता बुळबुळीतपणाची होई. मला लहानपणी या बुळबुळीतपणाचा मनस्वी तिटकारा होता, आणि आजीने पेला भरून दिला की त्यातले निम्मे तरी टाळता यावे म्हणून मी नाना सबबी सांगत असे. पुष्कळ वर्षांनी रक्तातील कोलेस्टेरॉल आणि आहार यांच्या संबंधाविषयीचे संशोधन वाचू लागलो तेव्हा ध्यानात आले, की जवाच्या दाण्याला आज हृदयाच्या दृष्टीने जी प्रतिष्ठा मिळाली आहे ती त्याच्या चवीमुळे नव्हे, त्यातल्या एखाद्या जीवनसत्त्वामुळेही नव्हे, तर नेमकी या चिकटपणामुळे मिळाली आहे.

या धान्याच्या नावाविषयी आपल्याकडे थोडा घोटाळा आहे, आणि तो आधी निस्तरलेला बरा. संस्कृतातील यव तोच मराठीतील जव. त्यालाच सातू असेही म्हणतात. आणि इंग्रजी अमदानीत टरफल काढून, घासूनपुसून, डब्यांत बंद होऊन आला तेव्हा तोच दाणा बार्ली या नावाने औषधांच्या दुकानात जाऊन बसला. जवस ही निराळीच वस्तू. ती तेलबी आहे, तिची चटणी करतात, आणि तिचा जवाशी नावातील दोन अक्षरांपलीकडे काही संबंध नाही. तरी वाण्याकडे जव मागावे आणि पुडीत जवस यावे हा प्रकार आजही घडतो. सातूच्या पिठाची कथा याहून खेदाची आहे. आज आपल्याकडे सातूचे पीठ म्हणून जे मिळते ते बहुधा भाजलेले गहू आणि डाळे एकत्र दळून, त्यात जिरे-सुंठ घालून केलेले असते. ते रुचकर असते, पौष्टिकही असते, परंतु ज्या धान्याचे नाव त्याला चिकटले आहे ते धान्यच त्यातून निघून गेलेले असते.

महाराष्ट्राच्या शेतांतून जव आज जवळजवळ दिसेनासा झाला आहे, आणि त्याची उभी शेते पाहावयाची असतील तर राजस्थानात किंवा उत्तर प्रदेशात जावे लागते. परंतु आपल्या भाषेच्या आणि आचाराच्या दप्तरात त्याची नोंद जागोजाग सापडते. तुकाराममहाराजांना सुखाचा अल्पपणा दाखवावयाचा होता तेव्हा माप म्हणून त्यांना जवच आठवला. आठ यवांचे एक अंगुल हे जुने परिमाण होते. देवकार्यात यव आणि पितृकार्यात तीळ ही वाटणी आजही पुरोहित पाळतात. भाषेहूनही जुना पुरावा जमिनीत आहे. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी, इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी 1968 ते 1983 या काळात जे विस्तृत उत्खनन केले, त्यात इसवी सनापूर्वी 1600 ते 700 या नऊ शतकांच्या कालखंडातील शेतकऱ्यांची वसाहत उजेडात आली, आणि तेथील घरांतून, कणग्यांच्या जागांतून व चुलींच्या राखेतून जे जळके दाणे हाती लागले त्यांवरून असे दिसून आले, की या लोकांचे मुख्य धान्य जव हे होते. ज्या टापूत आपण बाजरी आणि ज्वारी यांना अनादि मानून चालतो, त्याच टापूत तीन हजार वर्षांपूर्वी जवाची पेरणी होत होती, आणि त्या पिकाला पाणी देण्यासाठी पाट काढण्यापर्यंत मजल गेली होती, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आयुर्वेदाने जवाला रूक्ष, शीत आणि वातवर्धक म्हटले, आणि चरकसंहितेत प्रमेहाच्या रोग्याला यवप्रधान आहार सांगितला. या उल्लेखावरून आपल्या पूर्वजांना रक्तातील कोलेस्टेरॉलचे ज्ञान होते असे अनुमान काढणे म्हणजे त्यांच्या निरीक्षणशक्तीचा गौरव नसून आपल्या विवेकाचा अनादर होय. त्यांनी पाहिले ते एवढेच, की स्थूल, आळसावलेल्या आणि मूत्राधिक्याने पीडलेल्या माणसाला हे धान्य मानवते. ते निरीक्षण खरे होते. त्याचे कारण कळण्यास मात्र रसायनशास्त्राची वाट पाहावी लागली.

ते कारण असे. तांदळातील किंवा गव्हातील पिष्ट, लाकूड व कागद यांतील सेल्युलोज आणि जवातील हा चिकट तंतू हे तिन्ही पदार्थ ग्लुकोज या एकाच साखरेची कडी कडीत अडकवून बनलेले साखळदंड आहेत. भेद आहे तो कडी कशी अडकवली आहे एवढाच. पिष्टातील जोड ज्या पद्धतीचा असतो त्याला अल्फा म्हणतात, आणि तो तोडणारी विकरे आपल्या लाळेत व स्वादुपिंडाच्या रसात विपुल असल्यामुळे भाताचा घास पोटात गेला की थोड्याच वेळात त्याची साखर होऊन रक्तात उतरते. सेल्युलोजमधील जोड बीटा पद्धतीचे. ते तोडणारे विकर मनुष्याच्या शरीरात नाही. शिवाय त्यातील सर्व जोड एकाच प्रकारचे असल्याने साखळ्या सरळ असतात, गंजीतल्या काडीशेजारी काडी रचावी तशा त्या एकमेकींना घट्ट बिलगून बसतात, आणि पाण्याला आत शिरावयास फट उरत नाही. म्हणूनच सुती कापड कितीही उकळले तरी विरघळत नाही. जवातील तंतूचे, ज्याला शास्त्रज्ञ बीटा-ग्लुकन म्हणतात त्याचे, वैशिष्ट्य असे की त्यातही जोड बीटा पद्धतीचेच असले, तरी बहुधा दर तीन किंवा चार कड्यांनंतर एक जोड निराळ्या जागी बसलेला असतो, त्यामुळे साखळीला तेथे बाक येतो, आणि बाकदार साखळ्या एकमेकींजवळ नीट रचल्या जात नाहीत. मधल्या पोकळ्यांतून पाणी शिरते, साखळी त्या पाण्यात सैल होऊन पसरते, आणि अशा लक्षावधी लांब साखळ्या एकमेकींत गुंतल्या म्हणजे पाणी दाट होते. चमच्याच्या टोकाला लोंबणारी ती तार म्हणजे या गुंतागुंतीचे डोळ्यांना दिसणारे रूप होय. अशा रीतीने हा तंतू मनुष्याला पचत नाही आणि तरीही पाण्यात विरतो. विद्राव्य तंतू हे त्याचे शास्त्रीय नाव याच दोन गोष्टी सांगते.

आता या दाट पाण्याचा हृदयाशी संबंध कसा पोहोचतो? तो पोहोचतो पित्ताच्या मार्गाने. कोलेस्टेरॉल हा शब्दच मुळी पित्तापासून निघालेला आहे: अठराव्या शतकात पित्ताशयातील खड्यांत हा पदार्थ प्रथम आढळला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शेव्ह्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने पित्त आणि घन या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांवरून त्याचे नामकरण केले. शरीरात साचलेले कोलेस्टेरॉल बाहेर टाकण्याचा मोठा राजमार्ग पित्त हाच आहे, ही गोष्ट पाहता ते नाव फारच अन्वर्थक ठरते. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले तयार करते. ही पित्ताम्ले जेवणानंतर लहान आतड्यात उतरतात, साबणाने तेल सुटे करावे तशी अन्नातील चरबी सुटी करतात, आणि काम आटोपले म्हणजे लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून त्यांतील सुमारे 95 टक्के रक्तात पुन्हा शोषली जाऊन यकृताकडे परत येतात. दोनचार ग्रॅमांचा हा साठा दिवसातून अनेक फेऱ्या मारतो. इतके काटकसरी खाते शरीरात दुसरे क्वचितच असेल; खर्ची पडलेला जिन्नस जवळजवळ सगळा पुन्हा कोठारात जमा होतो, आणि तूट भरून काढण्यापुरतेच नवे कोलेस्टेरॉल मोडावे लागते.

जवाचा चिकटपणा या काटकसरीत खंड पाडतो. आतड्यातील द्रव दाट झाला म्हणजे पित्ताम्ले त्यात अडकून पडतात, आतड्याच्या भिंतीपर्यंत पोहोचण्यास त्यांना अवकाश मिळत नाही, आणि त्यांपैकी नेहमीपेक्षा अधिक भाग मोठ्या आतड्यात जाऊन मळाबरोबर बाहेर पडतो. कोठारात तूट आली की यकृताला नवी पित्ताम्ले तयार करावी लागतात, त्यासाठी कोलेस्टेरॉल लागते, आणि ते मिळविण्यासाठी यकृताच्या पेशी आपल्या पृष्ठभागावर अधिक ग्राही उभारून रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएल कण ओढून घेतात. हे ग्राही असतात, आणि रक्तातील एलडीएलचे प्रमाण त्यांच्या संख्येवर अवलंबून असते, हे मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या अमेरिकन वैद्यकशास्त्रज्ञांनी दाखवून दिले, आणि त्याबद्दल त्यांना 1985 साली नोबेल पारितोषिक मिळाले. एलडीएल हाच तो कण, जो दीर्घकाळ अधिक राहिला असता हृदयाच्या रोहिण्यांच्या अस्तरात शिरून तेथे साचतो. म्हणजे जवाचा तंतू रक्तात उतरत नाही, हृदयापर्यंत जात नाही, कोलेस्टेरॉलला स्वतः हातही लावीत नाही. तो केवळ आतड्यात वाट अडवून बसतो, आणि उरलेले सर्व काम यकृत आपल्या गरजेपोटी करते. या यंत्रणेचा मी जितका अधिक विचार करतो तितके मला तिचे अधिक कौतुक वाटते. याच दाटपणामुळे पिष्टाची साखर होऊन ती रक्तात उतरण्याची गतीही मंदावते, आणि प्रमेहाच्या, म्हणजे आजच्या भाषेत बहुधा मधुमेहाच्या, रोग्याला जव का मानवतो याचा उलगडा येथे होतो.

हा गुण जगाच्या ध्यानात येण्यापूर्वी तो दीर्घकाळ दोष म्हणूनच गणला जात होता. बीअर करणाऱ्यांना बीटा-ग्लुकन हा शत्रू वाटतो, कारण माल्टपासून, म्हणजे मोड आणलेल्या जवापासून, काढलेला काढा त्याच्यामुळे दाट होतो आणि गाळणीतून उतरता उतरत नाही. म्हणून माल्टसाठी जवाचे वाण निवडताना हा तंतू कमी असलेले वाण निवडण्याकडे पैदासकारांचा कल राहिला. कोंबड्या पाळणाऱ्यांचीही तक्रार तीच: जव खाणाऱ्या पिलांची विष्ठा चिकट होते, त्यांच्या अंगाला व अंथरणाला लागते, अन्न नीट अंगी लागत नाही आणि वजन वाढत नाही, यावर उपाय म्हणून त्यांच्या खाद्यात हा तंतू तोडणारे विकर मिसळण्याची प्रथा पडली. कोंबडीच्या पिलाच्या आतड्यात चरबीचे शोषण अडवणारी जी चिकटाई पाळणाऱ्याला नुकसानीची वाटली, तीच बैठे काम करणाऱ्या, चरबी अधिक खाणाऱ्या माणसाच्या आतड्यात लाभाची ठरावी, हे त्या तक्रारींतूनच पुढे उमगले.

अमेरिकेतील मोंटाना राज्याच्या विद्यापीठात रोझमेरी आणि वॉल्टर न्यूमन या दांपत्याने आपले आयुष्य जव हे पुन्हा माणसाचे अन्न व्हावे या एका ध्यासात वेचले. त्याच काळात, 1986 साली, विस्कॉन्सिनमधील संशोधकांनी जवातून टोकोट्रायनॉल हा जीवनसत्त्व ई-च्या कुळातील पदार्थ वेगळा करून, कोलेस्टेरॉल घटण्याचे श्रेय त्याला असावे असे मत मांडले, आणि काही काळ तंतू की हा स्निग्ध पदार्थ असा वाद रंगला. पुढे पारडे तंतूच्या बाजूला झुकले. मेरीलँडमधील बेल्ट्सव्हिल येथील सरकारी प्रयोगशाळेतून 2004 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला विशेष काटेकोर वाटतो. त्यात किंचित वाढलेल्या कोलेस्टेरॉलच्या पंचवीस स्त्रीपुरुषांना 17 आठवडे मोजूनमापून आहार दिला गेला, आणि प्रत्येकाने पाचपाच आठवड्यांच्या तीन पाळ्यांत दररोज जवातील शून्य, तीन आणि सहा ग्रॅम बीटा-ग्लुकन खाल्ले. जव नसलेल्या पाळीतही केवळ पथ्याने कोलेस्टेरॉल उतरले, परंतु जवाच्या पाळ्यांत ते त्याहून अधिक उतरले. असे अनेक प्रयोग एकत्र धरून जी गणिते मांडली गेली त्यांवरून, जवाच्या या तंतूने रक्ताच्या दर डेसिलिटरमागे एलडीएल सरासरी सुमारे दहा मिलिग्रॅमने घटते, असे दिसते. हा आकडा औषधाच्या गोळीशी स्पर्धा करणारा नाही, आणि तशी स्पर्धा कोणी लावूही नये. परंतु रोजच्या जेवणातील एका धान्याने एवढे साधावे, तेही आयुष्यभर करता येण्याजोग्या रीतीने, हे थोडे नव्हे.

यानंतर हे प्रकरण सरकार दरबारी रुजू झाले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1997 साली ओट या धान्याच्या विद्राव्य तंतूविषयी, हृदयरोगाचा धोका कमी करण्यास त्याची मदत होऊ शकते असे वेष्टनावर छापण्यास मंजुरी दिली होती. जवासाठी तशीच मुभा मिळावी म्हणून तेथील जव-उत्पादकांच्या संस्थेने रीतसर अर्ज केला, 2005 सालच्या अखेरीस अंतरिम हुकूम निघाला, आणि 2006 साली तो कायम झाला. अट अशी, की दिवसाकाठी तीन ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात जावे या हिशोबाने एका वाढपात निदान पाऊण ग्रॅम असलेल्या जिनसेलाच हा दाखला मिळावा. युरोपीय संघाने आणि कॅनडाने 2012 साली जवाच्या तंतूचा हा गुण मान्य केला. दप्तरी कामकाज म्हणून हे वाचण्यास नीरस असले, तरी खाद्यपदार्थाच्या वेष्टनावरील प्रत्येक शब्दामागे पुराव्याची छाननी असावी हा आग्रह मला फार आवश्यक वाटतो. आपल्या बाजारपेठेत हृदयाचे चित्र काढून विकल्या जाणाऱ्या किती वस्तूंना अशी छाननी सोसेल, हा प्रश्न वाचकांनी दुकानातील फळीपुढे उभे राहून स्वतःला विचारून पाहावा.

तीन ग्रॅम हा आकडा लहान दिसतो, पण दाण्याच्या भाषेत तो बराच भरतो. जवात या तंतूचे प्रमाण सामान्यतः शेकडा चार ते सहा असते, म्हणजे दररोज पन्नास ते पंचाहत्तर ग्रॅम जव खाल्ला पाहिजे, आणि जेथे लोकांना न्याहारीला पाव, बिस्किटे व गोड पेये यांवाचून चालत नाही, तेथे हे घडणे कठीण. या अडचणीतून तंतू वेगळा काढून अन्नात मिसळण्याची कल्पना निघाली, आणि 2008 साली अमेरिकन प्रशासनाने जवाच्या अशा एका अर्कालाही वरील मुभा दिली. त्याची कृती थोडक्यात अशी: अख्ख्या जवाच्या पिठावर पाण्यात दोन विकरांची क्रिया करतात; एक पिष्टाचे तुकडे करते, दुसरे बीटा-ग्लुकनच्या लांब साखळ्या काही प्रमाणात आखूड करते; मग वेगाने फिरणाऱ्या यंत्रात चोथा बाजूला काढतात, उरलेल्या स्वच्छ द्रवात मद्यार्क ओततात, त्याबरोबर तंतू साकळून खाली बसतो, आणि तो वाळवून, दळून, चाळून घेतात. या भुकटीत बीटा-ग्लुकन शेकडा सत्तर तरी असलेच पाहिजे असा दंडक आहे. म्हणजे जेथे साठ-सत्तर ग्रॅम दाणा लागला असता, तेथे सव्वाचार ग्रॅम भुकटीने भागते.

साखळी आखूड का करावयाची? कारण पूर्ण लांबीची साखळी पेयात घातली तर पेय खळीसारखे होईल, आणि ते कोणी पिणार नाही. परंतु येथेच खरी मेख आहे. तंतूची सारी कर्तबगारी त्याच्या दाटपणात. साखळी जितकी आखूड तितका दाटपणा कमी. ओटच्या तंतूवर 2010 च्या सुमारास झालेल्या प्रयोगांत असे दिसले, की वजनाने तंतू तेवढाच दिला तरी साखळी फार तोडलेली असली म्हणजे एलडीएल उतरण्याचा परिणाम निम्म्यावर येतो. तेव्हा अर्क तयार करणाऱ्याला जिभेला न जाणवेल इतका पातळ आणि आतड्याला जाणवेल इतका दाट असा मधला मार्ग शोधावा लागतो, आणि त्या शोधात पुष्कळ बुद्धी खर्च झाली आहे. मी या भुकटीला तुच्छ लेखीत नाही. ज्याला चावणे जड जाते अशा वृद्धाला किंवा प्रवासात दिवस काढणाऱ्याला तिचा उपयोग आहे. पण साखर आणि मैदा यांनी भरलेल्या बिस्किटात चिमूटभर तंतू मिसळून त्याला हृदयाचा मित्र म्हणणे मला पटत नाही, आणि ज्याच्या स्वयंपाकघरात चूल आहे त्याने अख्ख्या दाण्याकडेच वळावे असे माझे मत आहे.

तसे वळणाऱ्याला दोनतीन गोष्टी ठाऊक असाव्यात. गव्हाचा तंतू मुख्यत्वे कोंड्यात असतो, म्हणून मैद्यात तो उरत नाही. जवाचा बीटा-ग्लुकन मात्र दाण्याच्या आतल्या पांढऱ्या भागातील पेशींच्या भित्तिकांत पसरलेला असतो, म्हणून तूस व कोंडा घासून काढलेल्या पांढऱ्या बार्लीतही तो पुष्कळ शिल्लक राहतो. मोड आणण्याचा मोह येथे आवरावा. कडधान्याला मोड आणणे आपल्याकडे सर्वथा हितकर मानले जाते, परंतु जव अंकुरला की त्याच्यात या तंतूला तोडणारे विकर निर्माण होते आणि भित्तिका विरू लागतात. माल्ट तयार करताना नेमके हेच घडवून आणावयाचे असते. उलट दाणा भाजून दळण्याची जी रीत तिबेट व लडाखमध्ये त्साम्पा या पिठासाठी आहे आणि आपल्याकडे सातूसाठी रूढ होती, ती फार शहाणपणाची, कारण भाजण्याने विकर निकामी होते आणि तंतू शाबूत राहतो. रात्री भिजवलेल्या जवाची मुगाच्या डाळीबरोबर केलेली खिचडी, ज्वारीच्या पिठात निम्मे जवाचे पीठ मिसळून थापलेली भाकरी, किंवा ताकात कालवलेले खऱ्या सातूचे पीठ, यांपैकी काहीही चालेल. सवय नसलेल्याने थोड्यापासून आरंभ करावा, नाहीतर मोठ्या आतड्यातील जंतू या तंतूवर ताव मारून पोट फुगवतील. आणि ज्यांना ग्लुटेन सोसत नाही त्यांनी जव मुळीच खाऊ नये, कारण त्यातील हॉर्डीन हे प्रथिन त्याच जातीचे आहे. वैद्याने कोलेस्टेरॉलसाठी गोळी दिली असेल तर ती जवाच्या भरवशावर आपल्या मताने बंद करू नये.

आणि बार्लीचे पाणी करावयाचे असेल तर आजीच्या रीतीत एक फेरफार करावा. उकळण्याने तंतूचा काही अंश पाण्यात उतरतो हे खरे, पण बराचसा भाग फुललेल्या दाण्यातच राहतो, आणि तो दाणा आपण फडक्यात पिळून गाईच्या आंबोणात टाकीत आलो. तो न टाकता मऊ घोटून, त्याच बुळबुळीत पाण्यासह, मीठ-जिरे घालून खावा.